माझ्या लेकीला मुंबईत बसायला जागा नव्हती: मंत्री महोदयांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या वर्षी तुम्ही आमच्या तालुक्याच्या गावी आला होता. मांडवात मी सहाव्या रांगेत होतो, मांडीवर चार वर्षांची मुलगी. "विदर्भातल्या खेड्यापाड्यातल्या प्रत्येक लेकराने आपली राजधानी पाहिली पाहिजे, त्यांच्या राहण्याची सोय शासन करेल," असं तुम्ही म्हणालात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. परवा तेच वाक्य मोबाइलवर पुन्हा ऐकलं. गाव दुसरं, हार दुसरे, वाक्य तेच. तेव्हा राहवलं नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्या खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण शौचालय एका खात्याकडे, गाडी दुसऱ्याकडे, लेणी तिसऱ्याकडे आणि शाळेची सहल चौथ्याकडे. आम्ही कोणाकडेही गेलो तरी तो पुढच्याचं दार दाखवतो.

मी दारव्हा तालुक्यातला कोरडवाहू शेतकरी. मे महिन्यात, पेरणीच्या आधी, बायको, अडुसष्ट वर्षांची आई, आठ वर्षांचा मुलगा आणि ही लहानी असे आम्ही पाच जण मुंबईला गेलो. चार दिवसांत २७,६५० रुपये लागले. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि मी विकलं ३,९५० ने. म्हणजे सात क्विंटल, माझ्या रानातलं दीड एकराचं पीक. पैसे गेले याचं दुःख नाही. लेकरांसाठीच केलं होतं.

दारव्ह्याहून एसटीने मूर्तिजापूर, तिथून रात्रीची गाडी. २०१६ पासून पाच वर्षांवरच्या लेकराला बर्थ हवा असेल तर पूर्ण तिकीट लागतं. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये काढली, ती परत आलीच नाही. म्हणून चार तिकिटं काढली आणि आजी-नात एका बर्थवर. लेकरू खाली पडू नये म्हणून आई रात्रभर काठाशी बसून होती. मूर्तिजापूरच्या फलाटावर ती एवढंच म्हणाली, "आपली शकुंतला असती त लेकरं घरून बसून आली असती."

शकुंतला म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची छोटी गाडी. इंग्रजांच्या काळात किलिक-निक्सन कंपनीने ती चालवली, वऱ्हाडाचा कापूस मुंबईला पोचवायला. दारव्हा तिच्याच रस्त्यावर. आता ती बंद आहे. ब्रॉडगेजचं आश्वासन ऐकत एक पिढी म्हातारी झाली. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये गाडी वर्ध्याहून कळंबपर्यंत आली. पंधरा वर्षांत कळंब! शंभर वर्षांपूर्वी आमच्या कापसाच्या गाठींना मुंबईला जायला दारातून गाडी होती, आज आमच्या लेकरांना नाही. याचं उत्तर मला खरंच हवं आहे.

पहाटे मुंबईत उतरलो. तुमच्या शब्दावर विसंबून लोकप्रतिनिधीचं शिफारसपत्र आणलं होतं. ते घेऊन जिथे गेलो तिथल्या माणसाने पत्र उघडलंसुद्धा नाही. "फुल्ल आहे, फोन करून यायचं." फोन मी आठ दिवस करत होतो. मग झोपलेली दोन लेकरं खांद्यावर घेऊन लॉज शोधत हिंडलो. मिळाली ती खोली रोजची २,८००, खिडकी नाही, आणि पाचव्या माणसाचे २०० वेगळे. पाचवं माणूस म्हणजे माझी चार वर्षांची मुलगी.

तो रविवार होता. गर्दी कमी असेल म्हणून रविवार धरला, तर लोकलचा मेगाब्लॉक. सोमवारी घारापुरीला निघालो तेव्हा कळलं की लेणी सोमवारी बंद असतात. राणीची बाग बुधवारी बंद असते. मुंबईच्या माणसाला हे तोंडपाठ असेल. आम्हाला कोण सांगणार? दारव्ह्याच्या स्टँडवर मंत्र्यांच्या वाढदिवसाचे फलक महिनाभर असतात, तिथे या दोन ओळी लिहायला कोणाला जागा सापडत नाही.

खोटं बोलणार नाही, मुंबईने आम्हाला आनंदही दिला. राणीच्या बागेत दोन मोठे आणि दोन लेकरं मिळून १०० रुपये, एवढं रास्त तिकीट दुसरीकडे कुठे दिसलं नाही. पेंग्विनच्या काचेला नाक लावून मुलगा अर्धा तास हलला नाही. मलबार हिलवरच्या म्हातारीच्या बुटात तो तीनदा चढला. मंगळवारी घारापुरीच्या शंभरावर पायऱ्या आई गुडघ्यावर हात ठेवून चढली. तीन तोंडांच्या त्या शंकरापुढे तिने चप्पल काढली आणि बराच वेळ बोलली नाही. हुतात्मा चौकात मी मुलाला सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून माणसं मेली, म्हणून १९६० मध्ये हे राज्य झालं. तो म्हणाला, "मंग हे आपलंच हाय ना?" मी हो म्हणालो.

त्यानंतर तासाभराने जे झालं ते लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो. समुद्राकाठची एक प्रसिद्ध जागा. नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की तुम्ही तेवढ्याच जागी पाटी लावून मोकळे व्हाल. लहानी म्हणाली, "बाबा, मले सू लागली." एक शौचालय दिसलं, त्याला कुलूप. दुसरं विचारत विचारत दहा मिनिटं चाललो. ती मांड्या आवळून चालत होती, माझं बोट घट्ट धरून. तिथे बायकांची रांग, आणि दारावरच्या माणसाला पाच रुपये सुटे हवे. माझ्याकडे पाचशेची नोट. मी म्हणालो, "दादा, लेकरू आहे." तो म्हणाला, "सगळ्यांचं लेकरूच असतं." बायको कनवटीची नाणी मोजत होती तेवढ्यात लहानीने माझं बोट सोडलं.

पिवळा फ्रॉक होता, आजीने यात्रेतून आणलेला. तो भिजला, चड्डी भिजली, सँडल भिजली. आईने तिला भिंतीकडे नेलं, पदराचा आडोसा केला, तर एक पहारेकरी शिट्टी वाजवत आला. "यहाँ गंदगी मत करो." आईला हिंदी नीट कळत नाही, पण हातवारे कळतात. माझ्या आईने आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात निंदण केलं, कोणापुढे मान खाली घातली नाही. तिथे घातली. लहानी रडली नाही. नुसती खाली बघत होती. रडली असती तर बरं झालं असतं.

ज्या शहराच्या पालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार कोटींच्या वर होतं, तिथे चार वर्षांच्या पोरीला बसायला जागा नसावी? मुंबईतल्याच बायकांनी २०११ मध्ये 'राइट टू पी' म्हणून चळवळ उभी केली, हे मला घरी आल्यावर वाचून कळलं. म्हणजे तिथे राहणाऱ्या बायांनाही यासाठी भांडावं लागतं. मग आमची दाद कोण घेणार?

आणि साहेब, तुम्ही दर हिवाळ्यात नागपूरला अधिवेशनाला येता. तेव्हा तुमच्यासाठी रवी भवन असतं, नाग भवन असतं, आमदार निवास असतं. रंग लागतो, गाद्या बदलतात, रस्ते धुतले जातात. विदर्भ महाराष्ट्रात घेण्यासाठी झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात अधिवेशनाचं लिहिलं आहे म्हणून तुम्ही येता. त्याच करारात विदर्भाला पैसा आणि नोकऱ्या लोकसंख्येच्या प्रमाणात देण्याचंही लिहिलं होतं. अनुशेष, म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट, मोजायला दांडेकर समिती बसली, १९८४ मध्ये अहवाल आला. विदर्भ विकास मंडळाची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. आम्ही मोजूनच घेत राहिलो. उपराजधानीत तुमच्यासाठी शेकडो खोल्या आणि राजधानीत आमच्या लेकरांसाठी एकही नाही, हा कोणता करार?

आमच्या जिल्हा परिषद शाळेची सहल शेगावला जाते, फार तर लोणार, चिखलदरा. सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते, तरी गुरुजी मुंबईचं नाव काढत नाहीत. म्हणतात, "नेईन, पण पन्नास लेकरं रात्री झोपवू कुठं आणि सकाळी बसवू कुठं?" गुरुजींचं चुकत नाही. मागतो ते फार नाही. सीएसएमटी किंवा दादरपासून चालत जाता येईल अशी एक साधी इमारत द्या, सतरंजी आम्ही आणू. जिथे लोक बघायला येतात तिथे लेकरांसाठी फुकट, उघडं आणि पाणी असलेलं शौचालय द्या. आणि हे जमणार नसेल तर पुढच्या मांडवात ते वाक्य बोलू नका. लेकरं ऐकत असतात, त्यांना ते खरं वाटतं.

मागच्या रविवारी दारव्ह्याच्या बाजाराला निघालो होतो. ऊन होतं. आईने लहानीपुढे पाण्याचा गडू धरला. तिने दोन्ही हात मागे घेतले आणि म्हणाली, "नको. गावाले जायचं हाय ना, मंग नको." जाऊन येऊन चार तास लागले. ती घरी येईपर्यंत एक घोट प्यायली नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहतो.

आपला,
दारव्हा तालुक्यातला एक शेतकरी,
जि. यवतमाळ