बिग बेसिनलाच जाऊ या

चि. मुग्धा हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

या खेपेस आम्ही सॅन होजेला आल्यावर कॅलिफोर्नियातील बिग बेसिन या रेडवुड वृक्षांच्या उद्यानाऐवजी दुसऱ्या एखाद्या उद्यानात नेण्याचा तुझा विचार कळला. जळालेले रान आईला बघवणार नाही, ही तुझी काळजी रास्त आहे. तरीही आम्हा दोघांना तिथेच जायचे आहे, आणि चि. ओजसलाही सोबत घ्यावे असे मनापासून वाटते.

ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून लागलेल्या वणव्यात उद्यानाचा सुमारे ९७ टक्के भाग होरपळला आणि १९३६ साली बांधलेले मुख्यालयही भस्मसात झाले, हे खरे. डग्लस फरची झाडे तर मोठ्या संख्येने मेली. पण जुने रेडवुड, म्हणजे तिथले ते प्रचंड उंच वृक्ष, बहुतांश जिवंत आहेत. त्यांची साल फूटभरसुद्धा जाड असते व तीत राळ जवळजवळ नसते, म्हणून ती सहजी पेट घेत नाही. शिवाय सालीखाली शेकडो वर्षे निजून राहिलेल्या कळ्यांना आगीनंतर कोंब फुटतात. अंगावर एकही हिरवे पान उरलेले नसताना हे कोंब कशाच्या बळावर वाढले, याचा शास्त्रज्ञांनी शोध घेतला, तेव्हा २०२३ मध्ये असे प्रसिद्ध झाले की झाडाने कित्येक दशकांपूर्वी साठवून ठेवलेली साखर त्यांच्या कामी आली होती. वनस्पतींविषयी याहून थोर गोष्ट मी वाचलेली नाही.

वणव्यापूर्वी आपण गेलो होतो, तेव्हा चिम्नी ट्री नावाच्या रेडवुडच्या बुंध्यात शिरून वर पाहिल्याचे तुला आठवत असेल. आतून थेट शेंड्यापर्यंत पोकळ, भिंती कोळशासारख्या काळ्या, आणि तरीही वर फांद्या हिरव्यागार! ती काजळी जुन्या वणव्यांची होती. अस्पर्श म्हणून आपण जे रान डोळे भरून पाहिले, तेही पूर्वी जळून पुन्हा उभे राहिलेलेच होते.

या झाडांना खरा धोका करवतीचा होता. १९०० साली फेल्टनजवळच्या एका खासगी राईत छायाचित्रे घेण्यावरून जमीनमालकाने छायाचित्रकार अँड्र्यू हिल यांना अडवले. त्या अपमानातून पेटून उठून त्यांनी माणसे जमवली, रेडवुड वाचवण्यासाठी सेम्परव्हिरन्स क्लब स्थापन झाला आणि १९०२ मध्ये राज्याने बिग बेसिनची जमीन राखली. कॅलिफोर्नियातील हे सर्वांत जुने राज्य उद्यान आहे.

२०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाल्यापासून गाड्यांची संख्या मर्यादित ठेवतात, म्हणून पार्किंगचे आरक्षण आधीच कर. रेडवुड लूपची वाट सपाट असल्याने आईच्या गुडघ्यांना त्रास होणार नाही. ओजसला मात्र आधीच सांगून ठेव, की नुसती काळी उभी आहेत ती बहुधा डग्लस फर, आणि काळ्या बुंध्यावरच खालपासून वरपर्यंत पालवी फुटली आहे ते रेडवुड.

तुझा,
बाबा