अकरा दिवस ‘अडवलेले’ घर

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतील अमेरिकेतल्या परवडणाऱ्या घरांविषयीचा लेख वाचला. ‘कम्प्लायन्सवाले एका चिठोऱ्यासाठी गरिबाचे घर अडवतात’ हे लेखकांचे वाक्य आपण चौकटीत, ठळक टंकात छापलेत; त्या मंडळींपैकी, म्हणजे घरे नियमांप्रमाणे दिली जातात की नाही हे कागदपत्रांवरून तपासणाऱ्यांपैकी, एक या नात्याने आभार मानतो. हे अडवण्याचे काम मी तिथे नऊ वर्षे केले.

लेखकांनी परवडणाऱ्या घरांत पैसे गुंतवणाऱ्यांसाठीच्या १९८६ च्या करसवलतीचा नुसता उल्लेख केला आणि तिच्यासोबत येणाऱ्या अटींकडे पाठ फिरवली. गुंतवणूकदार तिथल्या करकायद्याच्या कलम ४२ खाली दहा वर्षे सवलत घेतो. त्या बदल्यात पहिली पंधरा वर्षे तरी ठरलेली घरे मर्यादेतल्या उत्पन्नाच्या कुटुंबांनाच दिल्याचे कागदोपत्री सिद्ध व्हावे लागते. त्यात चूक आढळली की राज्याची गृहनिर्माण संस्था ८८२३ क्रमांकाचा फॉर्म भरून थेट प्राप्तिकर खात्याला कळवते. अशा वेळी भाडेकरूचे उत्पन्न अंदाजाने लिहून चालत नाही.

दोन मुलांची एक आई, शुश्रूषागृहातील मदतनीस, घरासाठी आली होती. तिच्या मालकाने पाठवलेल्या दाखल्यावर दर खेपेचा पगार १,५०० डॉलर आणि पगार ‘दर दोन आठवड्यांनी’ असे लिहिले होते. असा पगार वर्षातून २६ वेळा होतो, म्हणजे ३९,००० डॉलर. मर्यादा त्याहून कमी असल्याने तिचा अर्ज तिथेच निकालात निघाला असता. परंतु तिच्या पगारचिठ्ठ्यांवरील तारखा पंधरा आणि महिनाअखेर अशा होत्या. म्हणजे पगार महिन्यातून दोनदा, वर्षातून २४ वेळा, एकूण ३६,००० डॉलर, आणि तेवढ्यात ती बसत होती. मालकाच्या दाखल्यावर मी दुरुस्ती करणे शक्य नव्हते, कारण त्रयस्थाच्या कागदावर आमच्या हातची एक रेघ दिसली तरी तपासनीस ती फाइल बाजूला काढतो. (खाडाखोड झाकणारी पांढरी शाई आमच्या कचेरीत बाळगायचीही सोय नव्हती.) नवा दाखला यायला अकरा दिवस लागले. तोवर इमारतीच्या व्यवस्थापकाचे ‘घर रिकामे पडले आहे’ असे दिवसाला दोन फोन येत होते, आणि त्या बाईंनी किल्ली घेताना माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. त्यांच्या लेखी मी त्यांचे घर अडवून बसलेला कारकून होतो. आता आपल्या चौकटीमुळे तसे मानणाऱ्यांची संख्या आपल्या खपाइतकी झाली असेल.

नियम सगळेच शहाणे आहेत, असे मी म्हणणार नाही. घरातील सर्वच जण पूर्णवेळ विद्यार्थी असतील, तर मोजके अपवाद वगळता त्या कुटुंबाला असे घर देता येत नाही. दिवसा शिकून रात्री काम करणाऱ्या दोन मित्रांना हा नियम समजावून सांगताना मलाच शरम वाटली होती. लेखकांनी त्यावर झोड उठवली असती, तर मी दुजोऱ्याचे पत्र लिहिले असते; पण त्यासाठी नियम वाचावा लागतो.

जाता जाता आणखी एक. लेखात ‘कम्प्लायन्स’चे मराठी दोनदा ‘तक्रार निवारण’ असे छापले आहे. तक्रारीसाठी इंग्रजीत ‘कम्प्लेंट’ हा वेगळा शब्द आहे, आणि ‘अनुपालन’ हा मराठी शब्द आपल्याकडच्या सरकारी कागदांत कितीतरी वर्षे नांदतो आहे. शुद्धिपत्र द्यायचे ठरलेच, तर कृपया ते मागच्या वेळेसारखे राशिभविष्याच्या खाली देऊ नये. माझ्या राशीला त्या दिवशी ‘कागदपत्रांची कामे मार्गी लागतील’ असे होते.

आपला,
एक जुना वाचक