शहापूरच्या मूर्तिकार मामांना, ऑर्कवाल्याकडून

मामा, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर काही वाचत नाही, म्हणून नातवाला सांगितलंय, चहाच्या वेळेला वाचून दाखव. पण आभार चारचौघांतच मानायचे होते.

पायापासून डोळ्यापर्यंत जेमतेम २८ मिलिमीटर भरणारे, काल्पनिक दुनियेच्या खेळांतले ते पुतळे, म्हणजे राक्षसासारखे ऑर्क, टोकदार कानांचे एल्फ, जादूगार, रंगवायला कोण शिकवेल म्हणून मी बेळगावात बरीच दारं वाजवली. चित्रकलेचा क्लास घेणाऱ्या एका सरांनी "इथं खेळणी रंगवायला शिकवत नाहीत" म्हणून वाटेला लावलं. मोठ्या शहरांतल्या शौकिनांना विचारलं, तर आधी परदेशी रंग आणि कोलिन्स्की (मुंगसासारखा एक प्राणी) केसांचा ब्रश घे, मग बोल, असा सूर. मराठीत विचारलं म्हणून एकजण हसलासुद्धा. त्यांचे ब्रश त्यांना लखलाभ.

आणि तुम्ही! चतुर्थी तोंडावर आलेली, बाहेर पावसाची झड, शेडमध्ये मूर्तींमधून पाऊल ठेवायला जागा नाही, अशात मी ऑर्क घेऊन उभा. "सण झाल्यावर ये" म्हणाला असता तरी वाईट वाटलं नसतं. सोंड घासणारा पोरगा कन्नडमध्ये काहीतरी बोलून खिदळला, त्याला नुसतं "सुम्न इर", गप्प बस, म्हणालात. मग चष्मा पुसलात, ऑर्क बल्बखाली धरलात आणि विचारलंत, "ह्यो कुणाकडं बघालाय?"

मामा, हे कशाला, पैसे किती मिळतात, या वयात हे काय, यातलं एक अक्षर नाही. माझा ऑर्क कुणाकडं तरी बघतोय, हे तुम्ही धरूनच चाललात. माझ्या घरच्यांनीही तोवर तेवढं मानलं नव्हतं.

समोरच्या एल्फकडं, म्हटल्यावर तुमचा हात चालू. मधोमध टिंब दिलं की डोळे वटारल्यासारखे दिसतात. बुबुळं जरा एका बाजूला, टिंबाऐवजी बारीक उभी रेघ, पांढरा रंगही शुभ्र नको, मळकट. गणपतीच्या डोळ्यांची आखणी तुम्ही शेवटी करता. या शेंगदाण्याएवढ्या तोंडावर मात्र डोळे आधी करून कातडीच्या रंगानं कडा झाकायच्या, हे तुम्हाला बघताक्षणी सुचलं. काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थरावर, डोक्याच्या बाजूनं पांढरा फवारा मारायचा, ज्याला झेनिथल म्हणतात आणि ज्यावर लोक लांबलचक व्हिडिओ करतात, ते तुम्ही पितांबराच्या घड्यांवर रंगाच्या स्प्रे गननं बोलता बोलता करता. बाकी वॉश (खाचांत पातळ रंग सोडणं), ड्रायब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशनं उंचवटे घासणं) वगैरे माझं मी बघून घेतलं, ते कुठंही मिळतं.

नवख्याच्या हातातल्या वस्तूला हसायचं नाही, एवढी साधी माणुसकी भल्याभल्या जाणकारांना जमत नाही. ज्यांना जमते, त्यांच्या शेडमध्ये मिळेल त्या पाटावर बसावं, असं माझं मत झालंय.

पैसे घेतले नाहीत, त्यावर भांडत नाही. यंदा हात कमी पडत असतील तर निरोप धाडा. पितांबराच्या किनारी आणि उंदरांचे दागिने मी मारून देतो. डोळ्यांना हात लावणार नाही, काळजी नको.

तुमचा,
ऑर्कवाला