स्लॅब ओतण्याआधी धुराड्याचं भोक ठेवा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आमच्या अकोले तालुक्याच्या पश्चिम भागात पहाटे चारपासून चुली पेटतात. उज्ज्वलाचं सिलिंडर बहुतेक घरांत आहे, पण ते चहापुरतं. भाकरी, जनावरांचं आंबोण आणि अंघोळीचं पाणी लाकडावरच होतं. ‘गॅस दिलाय तर चूल कशाला?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा सिलिंडरचा भाव आणि शेजारचं रान, दोन्ही पाहावं. चूल राहणार हे धरूनच मी लिहितो आहे.

मी गवंडी. राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम चालू होता तेव्हा निर्धूर चुली बांधायला शिकलो आणि पुष्कळ बांधल्या. १९८३ साली सुरू झालेला तो कार्यक्रम २००२ साली बंद पडला; पण माझ्या कित्येक चुली त्याच्या आधीच मोडल्या होत्या. काजळीनं पाइप तुंबायचा, धूर उलटा घरात यायचा, मग घरची बाई वैतागून पाइपच उपटून टाकायची. दोष तिचा नव्हता. पाइप झाडायचा असतो हे आम्ही तिला सांगितलंच नव्हतं आणि झाडायला खाली तोंडही ठेवलं नव्हतं.

तरी तेव्हा घरं कौलारू होती. वासे काळे होत, डोळे चुरचुरत, पण कौलांच्या फटींतून धुराला वाट होती. घरावर स्लॅब पडला आणि ती वाट बुजली. घरकुल योजनेच्या २५ चौरस मीटरांत स्वयंपाकाची स्वच्छ जागा धरलेली असते. पण मी ज्या घरकुलांवर काम केलं, त्यांतल्या एकाही स्लॅबला धुराड्यासाठी भोक सोडलेलं नव्हतं. मग लोक नंतर जुगाड करतात. माझ्याच पुतण्यानं भिंत फोडून नळाच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइप आडवा बाहेर काढला. तिसऱ्या दिवशी तो मेणासारखा वाकला आणि असा उग्र वास सुटला की सून लेकरं घेऊन ओट्यावर येऊन बसली. पीव्हीसी तापला की त्यातून आम्लाचा विषारी वायू निघतो. चुलीजवळ तो चालतच नाही.

धूर वर चढतो तो पाइपातली हवा गरम आणि हलकी असते म्हणून. पाइप जितका उभा, सरळ आणि उंच, तितकी ओढ जास्त. आडवा नेला की हवा थंडावते, ओढ मरते. लोखंडी पाइप चार इंचांपेक्षा बारीक नको. छपराच्या वर तो तीन फूट तरी हवा, आणि दहा फुटांच्या आत आढं, कठडा किंवा पाण्याची टाकी असेल तर तिच्याहूनही दोन फूट उंच. नाहीतर वारा धूर खाली दाबतो. वर टोपी बसवावी. जोड देताना वरच्या पाइपाचं टोक खालच्या पाइपात घालायचं. आमची पोरं नेमकं उलटं करतात, आणि मग आतलं डांबरासारखं काळं पाणी भिंतीवरून ओघळतं. हे पाणी ओल्या लाकडाचं. त्याचाच थर पाइपात साचतो आणि एखाद्या दिवशी भडकतो. म्हणून लाकूड निदान एक उन्हाळा वाळलेलं हवं आणि पाइप दर महिन्याला झाडायला हवा.

छप्पर लाकडी असेल किंवा खाली प्लायवूडचं सीलिंग असेल, तर उघडा पाइप लाकडापासून दीड फूट लांब ठेवावा. तेवढी जागा नसेल तर तिथं विटांचंच धुराडं बांधावं. आणखी एक गंमत: नव्या स्वयंपाकघरात चुलीबरोबर एक्झॉस्ट पंखाही लावतात. दारं-खिडक्या लावलेल्या असल्या की तो पंखा धुराड्यातूनच हवा ओढतो आणि सगळा धूर घरात येतो. चूल पेटली असताना खिडकी उघडीच हवी.

धुराला निदान माणूस घाबरतो. निखारे फुलले की धूर दिसत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड तेव्हाच जास्त निघतो. त्याला ना रंग, ना वास. बंद न्हाणीघरात पेटवलेला बंब किंवा उबेसाठी खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी झोपेतच माणूस नेते. भंडारदऱ्याला तंबूत राहायला येणारे पाहुणे थंडीत शेगडी आत मागतात. तंबूवाल्यांनी ती कितीही पैसे दिले तरी देऊ नये.

माझं मागणं फार मोठं नाही. घरकुलाची सळई बांधून झाली की अभियंता पाहायला येतोच. तेव्हा चुलीची जागा कुठली एवढं घरच्या बाईला विचारून तिथं आठ इंचांचं भोक ठेवायला त्यानं गवंड्याला सांगावं. पत्र्याचं एक नळकांडं उभं करून स्लॅब ओतला की काम झालं, खर्च जवळपास काहीच नाही. पुढं धुराडं बसवलं नाही तर भोकावर फरशी ठेवता येते. स्लॅब पडल्यावर मात्र तेच भोक छिन्नीनं पाडायला दिवस जातो, आणि सळई तुटते ती वेगळीच.

आपला,
एक जुना गवंडी
राजूर, ता. अकोले, जि. अहिल्यानगर