डॉ. ओडगार्ड, त्या सात मिनिटांबद्दल

ऑस्लो, डिसेंबर २०२५

आदरणीय डॉ. फ्रँक ओडगार्ड, आणि १३ मार्च २००१ रोजी कोपनहेगनच्या त्या रुग्णवाहिकेत ड्युटीवर असलेल्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

तुमची-माझी ओळख नाही. मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीच्या निमित्तानं ऑस्लोत आलो आणि इथलाच झालो. फुटबॉलचं वेड मात्र गावाकडचं. शाहू स्टेडियमवर तालमींच्या मॅचेस बघत वाढलेल्या माणसाचं ते सुटता सुटत नाही. गेल्या महिन्यात नॉर्वेचा संघ वर्ल्ड कपला पात्र ठरला. १९९८ नंतर पहिल्यांदाच! इथे जो तो स्ट्रायकर हालँडचे आभार मानतोय, कोच स्टोले सोलबाकेनचे मानतोय, आणि मानायलाच हवेत. पण मला सारखं वाटत राहिलं की सगळ्यात आधी तुम्हा लोकांचे मानायला हवेत. सोलबाकेनचं थांबलेलं हृदय त्या दिवशी तुम्हीच परत चालू केलंत. म्हणून हे पत्र.

तो मंगळवार होता. एफसी कोपनहेगन या डॅनिश क्लबचा नेहमीचा सराव चालू होता. सोलबाकेन ३३ वर्षांचा, मधल्या फळीतला मुरलेला गडी. नॉर्वेतल्या हामारच्या हामकाम क्लबमधून पुढे आलेला, मग लिलेस्ट्रोम, मग विम्बल्डनमधले जेमतेम काही महिने, मग ऑलबोर्गकडून १९९९ चं डॅनिश विजेतेपद. नॉर्वेसाठी ५८ सामने आणि ९ गोल. ९८ च्या वर्ल्ड कपच्या संघात तो होता, २००० च्या युरो स्पर्धेच्याही. असा माणूस सरावात खेळता खेळता कोसळला. डॉक्टर, तुम्ही धावत त्याच्यापाशी गेलात. हृदय थांबलेलं होतं. तुम्ही छाती दाबायला सुरुवात केलीत. मैदानावरच त्याला क्लिनिकली मृत ठरवलं गेलं, तरी कुणी नाद सोडला नाही. सुमारे सात मिनिटांनी, हॉस्पिटलच्या वाटेवर, रुग्णवाहिकेत ते हृदय परत चालू झालं.

पुढे जवळपास तीस तास तो कोमात होता. जन्मापासूनचा, कधीच लक्षात न आलेला हृदयातला दोष तेव्हा सापडला. पेसमेकर बसला आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं खेळणं कायमचं थांबलं.

तुम्ही काय केलंत ते मला खऱ्या अर्थानं कळलं ते आमच्या ऑफिसातल्या प्रथमोपचाराच्या वर्गात. जमिनीवर एक पुतळी ठेवलेली असते. ती स्टाव्हांगरच्या लेर्डाल या कंपनीची; मुळात खेळणी बनवणाऱ्या या कारखान्यानं १९६० साली असली पहिली पुतळी केली. तळहाताचा मनगटाजवळचा भाग छातीच्या बरोबर मध्ये ठेवायचा, दुसरा हात त्यावर, कोपरं ताठ, खांदे वर आणि कमरेतून वजन टाकायचं. पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दाब पुरेसा बसला की आतून ‘टक्’ असा आवाज येतो. पहिलं अर्धं मिनिट सोपं जातं. मग खांदे भरून येतात, श्वास लागतो, आणि तो ‘टक्’ आवाज येईनासा होतो. शिकवणाऱ्या बाई वरून सांगत असतात, थांबू नका, विजेचा झटका मिळेपर्यंत जाणारं प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतं. मी घामाघूम झालो होतो आणि समोर नुसती प्लास्टिकची पुतळी होती. तुमच्यासमोर रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस होता आणि भोवती त्याचे सोबती उभे होते. तेव्हापासून तुमच्याबद्दलचा माझा आदर निराळाच झाला.

त्यानंतरची त्याची कारकीर्द तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. तरी मला ती तुमच्यापुढे मांडायची आहे, कारण तिचा हिशेब तुमच्या नावावर लिहिलेला मी कुठे पाहिला नाही.

वर्षभरात तो परत मैदानाच्या कडेला उभा राहिला, जुन्या हामकामचा प्रशिक्षक म्हणून. दुसऱ्या श्रेणीतला संघ त्यानं वर चढवला आणि २००४ मध्ये थेट पाचव्या क्रमांकावर नेला. मग २००६ च्या सुरुवातीला कोपनहेगनने त्याला बोलावलं. ज्या क्लबच्या सरावात हृदय थांबलं, त्याच क्लबच्या सरावाला रोज सकाळी जायचं! मला हे त्याच्या सगळ्या विजयांपेक्षा मोठं वाटतं. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कोपनहेगनच्या पार्केन स्टेडियमवर मँचेस्टर युनायटेड १-० नं हरलं, गोल मार्कुस आल्बेकचा. २०१० च्या मोसमात कोपनहेगन चॅम्पियन्स लीगच्या शेवटच्या सोळांत पोचला. याआधी एकाही डॅनिश क्लबला ते जमलं नव्हतं. मेस्सीची ती बार्सिलोना पार्केनवर १-१ बरोबरीत अडकली आणि सामना संपल्यावर सोलबाकेन आणि बार्सिलोनाचा कोच ग्वार्डिओला कॅमेऱ्यांसमोर एकमेकांना भिडले. तो वाद कुणाला आवडला, कुणाला नाही. मला आवडला. पेसमेकर बसवलेल्या माणसानं आता जपून, हळू आवाजात जगायचं असतं, असं आपण मनाशी धरून बसतो. त्यानं तसं जगायचं साफ नाकारलं. दोन खेपा मिळून कोपनहेगनला त्यानं आठ वेळा लीग जिंकून दिली आणि चार वेळा कप.

या दोन खेपांच्या मधे जर्मनीतलं कोलोन आणि इंग्लंडमधलं वुल्व्हरहॅम्प्टन, म्हणजे वुल्व्ह्ज. दोन्हीकडे मोसम पुरा व्हायच्या आत नारळ मिळाला. कोलोन तर खालच्या श्रेणीत गेलं, आणि वुल्व्ह्ज लीगबाहेरच्या ल्युटनकडून कपमध्ये हरले त्याच दिवशी त्याची नोकरी गेली. हे वगळून त्याची गोष्ट सांगणं खोटेपणाचं होईल.

राष्ट्रीय संघाचं प्रशिक्षकपद त्याला खरं तर २०१२ पासून मिळायचं ठरलेलं होतं, पण तो कोलोनला गेला आणि ते राहून गेलं. डिसेंबर २०२० मध्ये अखेर मिळालं. पहिली वर्षं जड गेली. २०२२ चा वर्ल्ड कप हुकला. जून २०२३ मध्ये ऑस्लोत स्कॉटलंडविरुद्ध आपण १-० पुढे होतो. शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाल्ले आणि युरोची वाट अवघड होऊन बसली. त्या रात्री स्टेडियमबाहेर पडताना लोक त्याच्याबद्दल काय काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. बदला याला, ही मागणी पुढेही बराच काळ चालू होती. फेडरेशननं त्याला ठेवलं, हे बरं केलं.

कारण मग हे वर्ष आलं. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत आठ सामने, आठ विजय, ३७ गोल केले आणि ५ खाल्ले. ६ जूनला ऑस्लोच्या उल्लेव्हाल स्टेडियमवर इटलीविरुद्धच्या सामन्याला मी होतो. गोल सोर्लोथ, नुसा, हालँडचे. मध्यंतरालाच ३-० आणि शेवटीही ३-०. तिसऱ्या गोलनंतर माझ्या शेजारचे आजोबा नुसते डोकं धरून बसले होते. ९८ मध्ये मार्सेलला ब्राझीलला हरवलं तेव्हा ते तिथे होते, एवढंच ते मला परत परत सांगत होते. सप्टेंबरमध्ये मोल्दोवाला ११-१. आणि १६ नोव्हेंबरला मिलानच्या सान सिरोवर आधी गोल खाऊनही इटलीला ४-१. कित्येक वर्षांत एवढा आनंद या शांत शहरात मी बघितला नव्हता.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा मी तारखा मांडत बसलो. २००१ च्या त्या मंगळवारी हालँड आठ महिन्यांचाही नव्हता. सान सिरोवर बरोबरीचा गोल करणारा नुसा चार वर्षांनी जन्मायचा होता. आणि ९८ च्या ज्या संघानंतर नॉर्वे वर्ल्ड कपला गेलाच नाही, त्या संघातला एक जण कोपनहेगनला जमिनीवर निपचित पडला होता, तुमचे हात त्याच्या छातीवर होते.

जून २०२१ मध्ये त्याच पार्केनवर ख्रिश्चन एरिकसन कोसळला, तेव्हा जगभरच्या लोकांनी मैदानावरच्या मदतीचं मोल टीव्हीवर पाहिलं. तुमच्या वेळी असं काही नव्हतं. प्रेक्षक नाहीत, कॅमेरे नाहीत, सरावाचा साधा दिवस. म्हणूनही हे आभार उघड पत्रानं मानावेत असं वाटलं.

येत्या उन्हाळ्यात स्टोले अमेरिकेत नॉर्वेच्या बाकावर असेल. गटात फ्रान्स आहे, सेनेगल आहे. सोपं काहीच नाही. पण निकालाची वाट बघत हे पत्र अडवून ठेवायची मला गरज वाटली नाही. तो तिथे उभा असणार यासाठीच तुमचे मनापासून, अगदी मनापासून आभार. डॉक्टर, रुग्णवाहिकेतल्या त्या मंडळींशी कधी गाठ पडली तर त्यांनाही हे वाचून दाखवा.

आपला ऋणी,
ऑस्लोतला एक कोल्हापूरकर