कपातीची यादी सभागृहात का येत नाही?

संपादक साहेब,

अधिवेशन आलं की तिजोरीत खडखडाट, काटकसर, करसवलत हे शब्द तुमच्या पहिल्या पानावर येतात आणि अधिवेशन संपलं की गायब. विरोधक म्हणतात राज्य कर्जात बुडवलं, सत्ताधारी म्हणतात तुमच्याच काळात बुडालं, पुढच्या निवडणुकीनंतर बाकं बदलतात आणि भाषणं तीच राहतात. त्याची आता सवय झालीये. राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा, खरी कपात ज्या कागदावर होते तो कागद सभागृहात मताला येतच नाही.

२०२० आठवा. ४ मे ला वित्त विभागाचा जीआर निघाला, विकासकामांना बजेटच्या फक्त ३३ टक्के पैसे मिळणार, नवीन काम नाही, नोकरभरती बंद. कोरोना होता, सगळं ठप्प, टॅक्स येणार कुठून, त्या खुर्चीत मी असतो तर मीही बहुतेक हेच केलं असतं. पगार, पेन्शन, व्याज थांबवता येत नाही, मग कात्री लागते ती रस्ता, दवाखाना, बंधारा यांना कारण ते मोर्चा काढत नाहीत. पण बजेट म्हणजे विधानसभेने हात वर करून मंजूर केलेला खर्च ना? त्यातला विकासाचा दोन तृतीयांश पैसा एका जीआरने जातो आणि कुठलं काम गेलं कुठलं राहिलं यावर सभागृहात मतच पडत नाही.

त्याच वर्षी १ जूनपासून राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये वाढवले आणि सप्टेंबरपासून स्टॅम्प ड्युटी कमी केली, मुंबईत ५ ची २ टक्के, ती डिसेंबरपर्यंत, पुढे मार्चपर्यंत ३. म्हणजे बाईकला कॅन लावून दूध घालणाऱ्याला वाढ आणि फ्लॅट घेणाऱ्याला सूट. बांधकाम चाललं तर मजुराला काम मिळतं हा मुद्दा खोटा नाही, माझ्या चुलतभावाने त्याच डिसेंबरात रजिस्ट्रेशन केलं, वाचलेल्या पैशात किचन झालं, आणि त्या किचनमधलं मी जेवलोय सुद्धा, त्यामुळे फार बोलायला तोंड नाही. पण ती सवलत पण अधिसूचनेनेच निघाली. त्या सप्टेंबरचं पावसाळी अधिवेशन किती दिवसांचं? ७ आणि ८, दोन दिवस. त्यात २९ हजार कोटींच्या वर पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटच्या वरचा जादा खर्च मंजूर करून घेणं. हिशोब तुम्हीच करा.

आमच्या तालुक्यात एका आरोग्य उपकेंद्राचं काम तेव्हा जे थांबलं ते थांबलंच. कॉलमच्या सळया वर आलेल्या, गंजून लाल झाल्यात, एका सळईला शेजारचा माणूस रोज म्हैस बांधतो. ठेकेदार म्हणतो बिल निघालं नाही, ऑफिसवाले म्हणतात एस्टिमेट बदललं.

आणि आपल्याच राज्यात याच्या उलट घडून गेलंय. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हाही तिजोरी काही भरून वाहत नव्हती. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते, रोजगार हमीची कल्पना त्यांची. मजुरीला पैसे कुठून आणायचे तर १९७५ मध्ये कायदा करून कमावत्या लोकांवर व्यवसाय कर लावला, आणि जेवढा त्यातून येईल तेवढेच सरकारनेही टाकायचे असं ठरलं. माझ्या पगारातून अजून महिन्याला २०० कापतात, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. स्लिप बघून मी दर फेब्रुवारीत चिडतो, खोटं कशाला बोलू. पण तो कर कायद्याने आला, नाव घेऊन आला, कशासाठी ते सांगून आला.

तर मागणी एवढीच. कपातीचा जीआर निघाला की पुढच्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी थांबवलेल्या कामांची तालुकावार यादी पटलावर ठेवा आणि करसवलतीपायी किती महसूल सोडला तो आकडा त्याच्या शेजारी छापा. आमदार मंडळी कपात सूचना, म्हणजे अमुक खात्याचा खर्च कमी करा असे प्रस्ताव, तर दरवर्षी मांडतातच, मग एकदा झालेल्या कपातीवरही बोला की. आमच्या उपकेंद्राचं नाव त्या यादीत असलं तर गावात आलेल्या आमदारांना निदान म्हशीपाशी उभं करून विचारता येईल, साहेब, हे पान वाचलं होतं का तुम्ही?

— एक पगारदार वाचक