बाबा, हे नुसतं आजी गेल्याचं दुःख नाही

ती. बाबा आणि ती. सौ. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की माझा गळा दाटतो आणि आई दुसरंच काही बोलायला लागते, म्हणून लिहिते आहे.

आई, परवा तू म्हणालीस, "सासूबाईंना जाऊन आठच महिने झालेत, ह्यांना दुःख व्हायचंच." पण बाबांचं दुःख मी पाहिलंय गं. दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा बाबा पुढे झाले, "दारच्या फणसावर कुऱ्हाड पडू देणार नाही" म्हणाले, आणि कावळा आला. बाबा तिथेच ढसाढसा रडले. त्याच रात्री पडवीत आजीच्या गोष्टी सांगताना काकांबरोबर हसलेही. दुःख असं भरून येतं, ओसरतं, आजीचं लुगडं दिसलं की पुन्हा दाटतं. त्यात माणूस गेलेल्यासाठी झुरतो, पण स्वतःला कवडीमोल समजत नाही.

या खेपेला मी राहिले त्या आठ दिवसांत यातलं काही दिसलं नाही. बाबा रोज पहाटे साडेतीनला उठून अंधारात बसलेले. पेपरची घडी संध्याकाळपर्यंत तशीच. कलमांना मोहोर आलाय, आणि एरवी झाडन् झाड बघून येणारे बाबा गड्याला म्हणाले, "फवार, नाहीतर राहू दे." मी मुद्दाम आजीचा विषय काढला. "रडूसुद्धा येत नाही गं," एवढंच बोलले. आणि निघताना, "मी तुमच्यावर भार झालोय." प्रवासभर तेच वाक्य कानात होतं.

दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन असं विझलेलं राहिलं, कशातच गोडी उरली नाही, झोप-भूक गेली, आपण निरुपयोगी आहोत असं वाटू लागलं, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. घरात नुकताच मृत्यू झाला असेल तर दोन महिने सहसा नैराश्य म्हणायचं नाही, अशी सूट अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत होती. २०१३ मध्ये ती काढली, कारण शोकात असलेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो.

आई, "जप करा, फिरून या" हे तू मायेनेच सांगतेस. बाबांनी ऐकलंही. विहिरीपर्यंत गेले आणि परत येऊन बसले, मी पाहत होते. त्यांनी मनावर घेतलं नाही असं नाही, आजाराने ती उभारीच नेली आहे.

थायरॉईड आणि बी-१२ तपासून घेऊ, त्यांच्यामुळेही असं होऊ शकतं. नैराश्यावरच्या गोळ्या लागल्याच तर गुण यायला काही आठवडे जातात, आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत. त्यांची नशेसारखी चटक लागत नाही, आई.

बाबा, रागावू नका, सरळ विचारते. जीव नकोसा झालाय का? मनात काही येतं का? मला सांगा, रात्री कितीही वाजता. माझा फोन लागला नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर आईच्या फोनमध्ये घालून ठेवलाय.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघते. सोमवारी रत्नागिरीला डॉक्टरांची वेळ घेतली आहे. बाबा, तुम्हाला चालत असेल तर मी आत तुमच्याजवळ बसेन. आई, तूही चल, साडेतीनला तूही जागीच असतेस.

तुमची,
मनू